दत्ताराम शिंप्याची साक्ष

दत्ताराम शिंप्याला देवाने उंची दिली नाही, रूप दिलं नाही आणि आवाज दिला तोही पिपाणीसारखा. पण नाक असं दिलं की सगळी कसर त्यात भरून निघाली. कापडाचा तागा नुसता हुंगून त्याला किती खळ लावली आहे आणि धुतल्यावर तो किती आटेल हे तो सांगायचा. मालवणाकडून मासे घेऊन निघालेल्या बायका त्याच्या दुकानावरून जाताना टोपलीवरचं फडकं ओढून घ्यायच्या, कारण हा मशीनवरून मान वर न करता ओरडायचा, "बाये, बांगडो कालचो आसा गो!" गिऱ्हाइकासमोर असं कोणी ओरडलं तर धंद्याचं काय होणार? बायका त्याला मनसोक्त शिव्या घालायच्या आणि तो खुशीत हसायचा. नाकाचा त्याला फार तोरा होता.

मालवणाहून घाटाकडे जाणारा रस्ता जिथे वळण घेतो, तिथल्या नाक्यावर त्याचं दुकान होतं. समोर पोलीस चौकी, शेजारी बाबलीचं चहाचं हॉटेल. मुंबई राज्यात दारूबंदी लागली आणि खाली गोव्यात पोर्तुगीज सरकारच्या कृपेने दारू पाण्याच्या भावाने मिळत राहिली. मग व्हायचं ते झालं. खाडीतून, डोंगरातून, भाताच्या पेंढ्यातून बाटल्या इकडे येऊ लागल्या आणि पिणाऱ्यांना धरून आणायचं काम चौकीच्या मागे लागलं.

बावन्न साली चौकीवर गंगाराम हवालदार आला. माणूस तापट, पण कामाला चोख. प्यालेला माणूस धरला की पंचनामा करावा लागतो आणि पंचनाम्याला दोन पंच लागतात. डॉक्टर सात मैलांवर, तोही अर्धे दिवस देवी टोचायला गावोगाव फिरणारा. तो येईपर्यंत आरोपीची उतरून जायची. मग पंचांनी तोंडाचा वास घेतला, हाच मोठा पुरावा. बाबली दुसरा पंच असे. तो न वाचता सही करायचा, त्याच्या मताला कोणी विचारत नसे. खरा पंच दत्ताराम. आरोपीने त्याच्या तोंडावर फुंकर मारायची, दत्तारामने डोळे मिटायचे आणि सांगायचं, "माडाची. दुपारी घेतलेली. वर कांदो खाल्लो." एकदा तर त्याने दारू कोणाच्या भट्टीतली तेही सांगितलं आणि हवालदाराने जाऊन भट्टी फोडली.

या नाकाने त्याचं भलं केलं. तालुक्यातल्या तीन चौक्यांचे खाकी कपडे त्याच्याकडे शिवायला येऊ लागले. कोर्टात साक्षीला गेला की वकील त्याला ओळखू लागले. गावच्या जत्रेत पूर्वी मागे उभा राहणारा हा शिंपी आता पुढे बसू लागला. माणसाला आणखी काय हवं असतं?

सत्तावन्न साली पावसाच्या तोंडावर फ्लूची साथ आली. घरटी एक-दोन माणसं अंथरुणाला खिळली. दत्ताराम बारा दिवस तापात होता. उठला तेव्हा अंगात ताकद नव्हती, ती महिन्याभरात भरून आली. एक गोष्ट मात्र आली नाही. कोळशाच्या इस्त्रीखाली हवालदाराची नवीकोरी पँट जळत होती आणि हा वर उभा राहून खुशाल गप्पा मारत होता. आतून त्याची बायको आनंदी धावत आली.

"जळता ह्यां! तुमका वास येवक नाय?"

दत्तारामने पँटीकडे पाहिलं, मग आनंदीकडे. त्या संध्याकाळी त्याने घरातलं हाताला लागेल ते हुंगून बघितलं. रॉकेल, हिंग, सुका जवळा, चंदनाची उटी. सगळं सारखंच. नाकातून नुसता वारा आत जात होता.

"सांगा हवालदारांक," आनंदी म्हणाली. "आता माझ्याच्यान पंच होवचा नाय म्हणान सांगा."

"सांगतलंय," तो म्हणाला. "वायच दिवस जावंदेत. येतलो वास परत."

दिवस गेले, महिने गेले. वास आला नाही आणि त्याने सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर खाकी कपडे गेले असते, जत्रेतली पुढची जागा गेली असती, आणि खरं म्हणजे दत्ताराम म्हणून जो कोणी होता तोच गेला असता. मग त्याने एक युक्ती काढली. फुंकर मारून झाली की हवालदार विचारायचा, "काय शिंप्या?" त्या विचारण्यातच उत्तर असायचं. हवालदाराची खात्री असली की आवाज खाली यायचा, नसली की वर जायचा. दत्ताराम आरोपीचे डोळे बघायचा, पाय बघायचा, आणि मान हलवायचा. दहातले नऊ प्यालेले असायचेच. ते स्वतःच कबूल करायचे आणि दत्तारामच्या मनाला तेवढीच गोळी लागू पडायची. मी तरी म्हणेन की त्याने मुद्दाम कोणाचं वाईट केलं नाही. पण हे म्हणणंही किती सोपं आहे, ते पुढे कळेल.

एकोणसाठच्या फेब्रुवारीत दुपारी चारच्या सुमाराला एक लॉरी नाक्यावर गाड्या अडवायला लावलेल्या आडव्या बांबूवर आदळली. बांबू मोडला आणि हवालदाराच्या सायकलवर पडला. सायकल नवी होती. लॉरी चालवत होता सत्यवान, मिठबावचा, तिशीतला. एका व्यापाऱ्याची सुकी मासळी आणि मीठ तो घाटावर पोचवायचा आणि येताना गूळ आणायचा. दोन रात्री तो झोपला नव्हता. डोळे लालभडक, पाय जमिनीवर ठरत नव्हते. खाली उतरून तो म्हणाला, "ब्रेक लागलो नाय, हवालदारानू."

"ब्रेक लागलो नाय? की तुकाच लागली हा? प्यालंस काय?"

"नाय. मी घेणाच नाय."

"फुंक मार. ए शिंप्या, हय ये!"

दत्ताराम अर्धी शिवलेली बाही मशीनवर टाकून आला. सत्यवानने फुंकर मारली. दत्तारामच्या तोंडाला गरम वारा लागला, बाकी काही नाही. त्याने डोळे मिटले, उघडले. हवालदार सायकलच्या वाकलेल्या चाकाकडे बघत होता.

"काय शिंप्या?" आवाज अगदी खाली आला होता.

मान हलवायला कितीसा वेळ लागतो? दत्तारामने हलवली.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आला. त्याला काही आढळलं नाही, पण मध्ये रात्र गेली होती, तेव्हा त्याच्या न आढळण्याला अर्थ उरला नव्हता. बाकी ड्रायव्हर अशा वेळी गुन्हा कबूल करायचे, दंड भरायचे आणि कामाला लागायचे. सत्यवान ऐकेना. "मी घेवक नाय तर कबूल कित्याक करू?" एवढंच धरून बसला. त्यामुळे खटला उभा राहिला आणि दत्ताराम पिंजऱ्यात उभा राहिला.

सत्यवानच्या वकिलाने उलटतपासात विचारलं, "वास दारूचाच होता हे कशावरून? मिठाचा, मासळीचा, घामाचा असेल."

कोर्ट हसलं. दत्तारामला ते हसणं झोंबलं. त्याच्या नाकाबद्दल भर कोर्टात कोणी असं बोललं नव्हतं. आणि मग त्याने ते केलं, जे त्याला कोणी करायला सांगितलं नव्हतं. छाती पुढे काढून तो म्हणाला, "साहेब, काजूची होती. गोव्याची. पहिल्या धारेची."

कोर्ट पुन्हा हसलं, पण आता वकिलाला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनीही मिशीत हसून लिहून घेतलं. मागच्या बाकावर सत्यवानची बायको मथुरा मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान खाली घातली. इतकं बारीकसारीक खोटं कोण सांगतं? सत्यवानचा एक दोस्त गोव्यात पेडण्याला होता, हे तिला ठाऊक होतं.

दंड झाला, सहा महिने लायसन्स जप्त झालं, लायसन्सवर शेरा पडला. साहेबांनी सत्यवानला समजावून सांगितलं, "पहिला गुन्हा म्हणून एवढ्यावर सोडतो आहे. पण तीन वर्षांच्या आत पुन्हा दारू पिऊन गाडी चालवताना सापडलास, तर तो दुसरा गुन्हा धरला जाईल. मग दंडावर भागणार नाही. दोन वर्षांपर्यंत तुरुंग आहे." दत्ताराम बाबलीबरोबर चहा प्यायला गेला आणि घरी आल्यावर दोन दिवस आनंदीशी धड बोलला नाही.

त्यानंतर पावणेतीन वर्षं गेली. एकसष्टच्या नोव्हेंबरात, सकाळी दहा वाजता, नाक्यापासून मैलभर अलीकडे एक लॉरी रस्ता सोडून शेताच्या बांधावर, मेरेवर चढली. महादू नावाचा म्हातारा डोक्यावर गवताचा भारा घेऊन मेरेवरून चालला होता. त्याचा पाय चाकाखाली आला आणि पुढे गुडघ्याखाली कापावा लागला. लॉरी सत्यवानची होती. या वेळी तो म्हणाला नाही की ब्रेक लागला नाही. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो तसाच बसून राहिला. लोकांनी ओढून काढला तेव्हा उभा राहू शकत नव्हता.

आता कायदा पुढे गेला होता. नाकावर विसंबायचं कारण उरलं नव्हतं. दवाखान्यात नेऊन रक्त काढायचं, बाटलीत भरायचं, बाटलीला लाखेचं सील लावायचं आणि मुंबईला तपासायला पाठवायचं. दत्ताराम याही वेळी पंच होता, पण फक्त सीलचा. लाख वितळवून बाटलीच्या तोंडावर ओतली, हवालदाराने शिक्का दाबला, दत्तारामने सही केली. त्याला फार बरं वाटलं. चार वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं, असं त्याने आनंदीला सांगितलंही. आता रक्त बोलेल, आपण सुटलो. महिन्याभराने मुंबईहून रिपोर्ट आला. रक्तात दारू होती, आणि भरपूर होती.

याच दिवसांत लष्कराच्या गाड्यांची रांगच्या रांग नाक्यावरून खाली गेली आणि गोवा मोकळा झाला. बाबलीने गिऱ्हाइकांना फुकट चहा पाजला. सत्यवानच्या खटल्याची तारीख जानेवारीत लागली.

तारखेच्या आठ दिवस आधी सकाळी मथुरा दत्तारामच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. तिला बघून त्याचा पाय मशीनवरच थांबला. ती पूर्वीपेक्षा निम्मी झाली होती. आता ही आपल्याला तळतळाट देणार, असं त्याने धरलं.

"शिंपीकाकानू, मी शिव्या घालूक येवक नाय," ती म्हणाली. "तुमचे उपकार मानूक इलंय."

"उपकार? माझे?"

"तुमी तेव्हा कोर्टात खरा सांगलास म्हणान माका कळला. नायतर मी घोवाचाच खरा धरून बसलंय आसतंय."

मग तिने सांगितलं, एखाद्या तिऱ्हाइताची हकिकत सांगावी तसं, डोळ्यांतून टिपूस न काढता. कोर्टातून घरी गेल्यावर सत्यवान एकच बोलत राहिला, मी घेतली नव्हती. सासूने, दिरांनी, शेजाऱ्यांनी त्याला समजावलं की घेतली तर घेतली, पुरुषमाणूस आहेस, कबूल कर आणि सोड. तो ऐकेना. शेवटी मथुराच म्हणाली, देवळात चला. ग्रामदेवतेसमोर, गुरवाच्या साक्षीने, चार वर्षांच्या मुलाच्या, बाबूच्या डोक्यावर हात ठेवून सांगा. त्याने हात ठेवला. सांगितलं. आणि त्याच आषाढात बाबूला ताप भरला.

"आठ दिवस ताप होतो. नवव्या दिसाक बाबू गेलो," मथुरा म्हणाली. "खोटी शपथ घेतल्यान, देवान न्याय केल्यान. मी तेका त्याच दिवशी सांगलंय, तुया झीलाक, पोटच्या पोराक खाल्लंस. गावान पण तांच सांगला. तेच्या आधी पिणा होतो की नव्हतो तां देवाक ठावक, पण तेच्या मागसून रोज पिवक लागलो."

दत्तारामच्या हातातलं कापड खाली पडलं.

"तेका सोडवा म्हणान मी सांगणा नाय," ती पुढे म्हणाली. "म्हाताऱ्याचो पाय गेलो, तेची शिक्षा होवक व्हयी. पण दुसरो गुन्हो म्हणान दोन वर्सां देतले म्हणतत. घरात सासू आंधळी आसा, हातात काय नाय. साहेब तुमचा मानतत. वायच कमी होता काय, तेवढा इचारा."

ती उठून गेली. दत्ताराम दुकान उघडं टाकून मागच्या दाराने परसात गेला आणि माडाच्या बुंध्याशी बसला. आनंदीने आतून सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली आणि त्याच्या समोर बसली.

"मी सांगतलंय," तो म्हणाला. "कोर्टात सांगतलंय. पैलो गुन्हो नव्हतोच. पैलो नाय तर दुसरो खंयचो?"

"तुमका आत घालतले. खोटी साक्ष दिलास म्हणान."

"घालूंदेत."

"कपडे जातले चौकीचे."

"जावंदेत."

मग आनंदीने विचारलं, "आणि तिका कळला, तर तिचा काय होतला, तां बघलास?"

"तिका बरा वाटतला," दत्ताराम म्हणाला. "घोव खोटारडो नव्हतो, देवान झीलाक नेवक नाय, ह्यां कळल्यार तिका बरा नाय वाटाचा?"

आनंदी उठून आत गेली. बायका काही गोष्टींचं उत्तर देत नाहीत, तेव्हा पुरुषांनी घाबरायला हवं, पण दत्ताराम आपल्या धीराने इतका भारावला होता की त्याला ते कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तो सत्यवानच्या वकिलांकडे गेला. म्हाताऱ्या वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसला. "मागचा निकाल आता कोणी बदलू शकत नाही. अपिलाची मुदत केव्हाच गेली. पण शिक्षा किती द्यायची ते साहेबांच्या हातात आहे. त्यांच्या मनात तुम्ही शंका घातलीत, तर दोन वर्षांचे सहा महिनेही होऊ शकतात. पिंजऱ्यात सीलबद्दल विचारतील, तेव्हा बोला. आणि शिंपी, हे बोलायला तीन वर्षं का लागली, हे ते विचारतीलच. त्याला काय सांगायचं ते ठरवून या."

ते काही दत्तारामला ठरवता आलं नाही.

तारखेच्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. साहेब बदललेले होते, तरुण, कमी बोलणारे. महादू कुबडी घेऊन आला होता. सत्यवान आरोपीच्या जागी उभा होता, कोणाकडेच न बघता. सरकारी वकिलांनी दत्तारामला बाटली दाखवली, सील दाखवलं, सही दाखवली. त्याने सगळ्याला हो म्हटलं. मग त्याने हात जोडले.

"साहेब, मला आणखी एक बोलायचं आहे. मागच्या खटल्यात मी सांगितलं, दारूचा वास आला. साहेब, मला वास आला नव्हता. मला वासच येत नाही. सत्तावन्नच्या फ्लूपासून..." आणि त्याची कोर्टातली भाषा तिथेच संपली. "माका कायच येणा नाय, साहेब. फुलाचो नाय, घाणीचो नाय. मी खोटा बोललंय. ह्या माणसाचो पैलो गुन्हो नव्हतो."

कोर्टात एकदम गलका झाला. गंगाराम हवालदार उभा राहिला आणि साहेबांनी बघितल्यावर बसला. साहेबांनी जुने कागद मागवले. पानं उलटून त्यांनी शांतपणे वाचलं, "'काजूची होती. गोव्याची. पहिल्या धारेची.' हे तुम्हीच म्हणालात?"

"होय साहेब."

"शपथेवर?"

"होय."

"वास न येता तुम्हाला इतकं कळलं?"

"वकीलसाहेबांनी माझ्या नाकाची टिंगल केली, म्हणून बोललो."

कोणीतरी मागे हसलं. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "वास येतो की नाही, हे मी आत्ता कसं तपासू? अत्तर तुमच्या नाकाशी धरलं आणि तुम्ही नाही म्हणालात, तर ते खरं कशावरून? न येण्याचं सोंग कोणालाही करता येतं. एका शपथेवर तुम्ही हो म्हणालात, दुसऱ्या शपथेवर नाही म्हणता. मी कुठली शपथ धरू?"

दत्ताराम आजूबाजूला बघू लागला. आपण खरं बोललो की ते खरं म्हणून दिसेल, एवढंच तो घरून ठरवून आला होता. खरं बोलणाऱ्याकडेही लोक असंच बघतात, हे सत्यवानला पावणेतीन वर्षांपूर्वी कळलं होतं, दत्तारामला आज कळलं.

"मागचा निकाल कायम आहे," साहेब म्हणाले. "त्याच्या मागे मी जाऊ शकत नाही. तीन वर्षं भरलेली नाहीत, म्हणून हा दुसरा गुन्हा. रक्ताचा रिपोर्ट स्पष्ट आहे. एका माणसाचा पाय गेला आहे." त्यांनी अठरा महिने सक्तमजुरी दिली आणि लायसन्स रद्द केलं. खोट्या साक्षीबद्दल दत्तारामवर काय करायचं ते मागाहून बघू, असं म्हणून त्यांनी पुढचा खटला पुकारायला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात हवालदार दत्तारामच्या अंगावरून गेला. "उद्या कपडे परत पाठवन दे, शिवलेले नि बिनशिवलेले," एवढंच बोलला. दत्तारामला त्याचं काही वाटलं नाही. त्याचं लक्ष मथुराकडे होतं. ती खांबाला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर बरं वाटल्याची खूण त्याला कुठेच दिसेना.

"शिंपीकाकानू," ती म्हणाली, "तुमी आत बोललास तां खरा?"

"खरा गो बाये. देवाशपथ खरा."

"म्हणजे त्या दिवशी तेणा घेवक नाय होती?"

दत्तारामने तोंड उघडलं. नव्हती, असं म्हणून टाकलं की झालं. पण आयुष्यभर जे माहीत नाही ते सांगण्यातच तर सगळं गेलं होतं. "तां माका ठावक नाय," तो म्हणाला. "माका कळलाच नाय. घेतलेली आसात, नसात. मी नुसती मान हलवलंय."

मथुरा खांबापासून बाजूला झाली. मग अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मी तेका सांगलंय, झीलाक खाल्लंस म्हणान. रोज सांगलंय. जेवूक वाढताना सांगलंय." आणि ती पायऱ्या उतरून रस्त्याकडे धावत सुटली.

कोर्टासमोरच्या थांब्यावर एस.टी. उभी होती. सत्यवानला शिपायाने खिडकीशी बसवलं होतं, हातात बेडी होती. मथुरा खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. दत्तारामही मागोमाग गेला, पण चार हात लांबच थांबला. पुढे जायची त्याला हिंमत झाली नाही.

"अहो," मथुरा म्हणाली. नवऱ्याशी इतक्या माणसांत ती कधी बोलली नव्हती. "शिंप्याक वास येवक नव्हतो. आयकलास ना तुमी? तेका कायच कळूक नव्हता. तुमी माका सांगा. आता सांगा. त्या दिवशी तुमी घेवक नव्हतास ना?"

सत्यवानने मान वळवली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर दत्तारामला बरं वाटलं असतं.

"देवळात सांगलंय तेव्हा माका ठावक होता," तो म्हणाला. "घेवक नाय होती. मगे बाबू गेलो." कंडक्टरने घंटी दिली, गाडी हलली आणि मथुरा गज न सोडता बरोबर चालू लागली. तो खाली वाकला, तिला ऐकू जावं म्हणून. "बाबू गेलो तेव्हा माकाय वाटला, घेतलेली आसतली."